मेक्सिकोचे जावई

"बघा, बघा. तिकीट नाय."

कुणी टक लावून पाहू लागलं की तो असं म्हणायचा आणि दोन्ही हात पसरून सावकाश एक गिरकी घ्यायचा. समोरच्याला पाठही नीट दिसावी म्हणून. बसस्टॉपवर, किराणा दुकानात, गणपतीच्या मांडवात, कुठेही. सहा फुटांच्या वर उंची, बैलासारखी मान, फुलकोबीसारखे चुरगळलेले कान आणि कपाळावर बारीक बारीक रेघा, उन्हात वाळलेल्या चिखलाला पडतात तशा. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही पाहिलं असतं. मी सगळ्यांत जास्त पाहिलं. पाहणं हे माझं कामच होतं.

मी आमच्या गावची पोलीस पाटील होते. गाव बोर्डीच्या शेजारचं, समुद्राला लागून. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, गावात नवा माणूस आला, भांडण झालं, किनाऱ्याला काही वाहून आलं की ठाण्याला कळवायचं, हे पोलीस पाटलाचं काम. लाठी नाही, गणवेश नाही. एक वही, एक शिक्का आणि एक मोबाइल. बैठकीत साहेब दर वेळी सांगायचे, "किनाऱ्यावरचं गाव आहे बाई. संशय घ्यायला लाजू नका." मी कधी लाजले नाही.

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच. गावात तसंही त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. तो सुनंदाचा नवरा, म्हणून अख्ख्या गावाचा जावई. "जावई आले", "जावयांना विचारा", असंच.

सुनंदा आणि मी शाळेत एका बाकावर. ती नर्सिंग करून अमेरिकेत गेली, मी इथेच राहिले. तीसेक वर्षं दिवाळीचं कार्ड आणि नंतर मोबाइलवरची फुलं, एवढाच संबंध उरला होता. मग एका मे महिन्यात ती वडिलांची चिकूची वाडी सांभाळायला परत आली आणि गाडीतून तिच्या मागोमाग हा उतरला. आधी गाडी हलली, मग तो दिसला.

"रजू, हे माझे मिस्टर. मेक्सिकोचे."

"काय करतात?"

"करायचे," सुनंदा म्हणाली. "आता रिटायर."

"काय करायचे?"

ती उत्तर द्यायच्या आत तोच बोलला, "मी लोकांना राग आणते."

हो, 'आणते'. त्याने मराठी सुनंदाकडून आणि वाडीत चिकू वेचायला येणाऱ्या बायकांकडून उचललेलं. त्यामुळे हा डोंगराएवढा माणूस स्वतःबद्दल बाईसारखा बोलायचा. "मी येते हां", "मी जेवते". गाव हसून बेजार. मी मात्र त्या रात्री वहीत लिहिलं, 'व्यवसाय सांगत नाही.'

त्याचे कागद मी पाहिले. पालघरला जाऊन परदेशी माणसाची रीतसर नोंद करून आला होता. एकही कागद कमी नव्हता. त्यानेच माझा संशय वाढला. आमच्याकडे खऱ्या माणसाचे कागद कधी पुरे भरत नाहीत.

त्यात चिकूचं प्रकरण झालं. पहिल्याच आठवड्यात वाडीत चिकू खाऊन तो म्हणाला, "हे आमचे."

"आमचे म्हणजे?" सुनंदाच्या भावाने, बाळूने विचारलं.

"आमच्या देशाचे. झाड तिकडून इकडे आली."

इथे पिढ्यान् पिढ्या चिकूवर जगलेली माणसं. सगळ्यांची तोंडं उतरली. मग कोसबाडच्या शेतीशाळेतल्या एका सरांना फोन लावला, तर ते म्हणाले की खरं आहे, चिकू मूळचा मेक्सिकोकडचाच. लोकांनी ते हसण्यावारी नेलं. मी बाळूला बाजूला घेऊन सांगितलं, "आज चिकू माझा म्हणतोय. उद्या वाडी म्हणेल. सात-बारा जपून ठेव."

त्याची मान वळत नसे. हाक मारली की तो कपाट फिरवावं तसा सगळाच्या सगळा फिरायचा. मला वाटायचं, मागचं न बघितल्याचं सोंग आहे. कपाळावरच्या रेघांबद्दल विचारलं तर म्हणाला, "ब्लेड. मीच मारते." आता यावर तुम्ही काय समजला असता?

पावसाळा संपल्यावर एक दिवस पहाटे मी किनाऱ्यावर गेले. ओहोटीला आमचा समुद्र फार लांब जातो आणि मैलभर ओली कडक वाळू उघडी पडते. सुरूच्या झाडांमागून मला धप्प असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. पाहिलं तर जावई. एकटाच. उभा राहायचा, हनुवटी छातीला लावायचा आणि पाठीमागे झाडासारखा कोसळायचा. पडता पडता दोन्ही हात वाळूवर आपटायचा. उठायचा, वाळू झटकायचा, पुन्हा कोसळायचा. मी चौदा वेळा मोजलं. मग त्याने समुद्राकडे तोंड करून वाकून नमस्कार केला, जणू समोर माणसं बसली आहेत, आणि तो घरी निघून गेला.

मी सुनंदाला विचारलं नाही. चूक पहिली तीच. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण मला तेव्हा असं वाटत होतं की सुनंदाला फसवलं गेलंय आणि ते सिद्ध करणं माझ्या हातात आहे. खरं सांगू? त्यात थोडं असंही होतं की एवढं जग बघून आलेली सुनंदा कुठेतरी चुकलेली असावी, असं मला हवं होतं.

दुसरी चूक पुढच्या उन्हाळ्यात. मी लोणच्याची बरणी परत करायच्या निमित्ताने त्यांच्या वाडीत गेले. घरात कुणी नव्हतं. मागच्या बाजूला दोरीवर कपडे वाळत होते. लुंगी, चादर, सुनंदाची साडी, आणि साडीच्या शेजारी चिमट्याला टांगलेलं माणसाचं तोंड.

कापडाचं. काळं, चकचकीत. डोळ्यांना दोन भोकं, ओठांना एक, कपाळावर चंदेरी पंख, मागच्या बाजूला बुटाला असतात तशा नाड्या. वाऱ्याने ते फुगायचं आणि माझ्याकडे बघायचं. ऊन पाठीवर घेऊन, एका हातात माझी नेहमीची छत्री उघडी धरून मी मोबाइलवर फोटो काढला.

किनाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या आम्हा गावकऱ्यांचा एक ग्रुप होता, अकरा जणांचा. त्यावर मी तो फोटो टाकला. खाली एवढंच लिहिलं, 'सर्वांनी लक्ष ठेवावे.'

कुणाचंही नाव लिहिलं नव्हतं. पुढचे चार दिवस मी स्वतःला हेच समजावत होते.

फोटो अकरा जणांत राहिला नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्याच बहिणीने वरोरहून मला पाठवला, खाली नवा मजकूर होता, 'मुखवटा घालून फिरणारा परदेशी.' तिसऱ्या दिवशी त्यात मुलं पळवणं आलं. आमच्या भागात अफवेने काय होऊ शकतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी ग्रुपवर लिहिलं, 'फोटो खोटा आहे, पुढे पाठवू नये.' ते कुणी पुढे पाठवलं नाही.

चौथ्या दिवशी तलासरीचा आठवडी बाजार. जावई तिथे दर आठवड्याला मका आणि मिरच्या घ्यायला जायचा. मक्याच्या पातळ भाकऱ्या तो स्वतः थापायचा. सकाळी मी वाडीवर धावले, तर सुनंदा म्हणाली, "ते मघाशीच गेले. का गं?"

मी ठाण्याला फोन लावला आणि मिळाली ती इको गाडी धरून तलासरी गाठली. वाटेत एकच विचार, माणूस एवढा मोठा आहे, लपणार कुठे?

तो लपला नव्हताच. लोखंडी सामानाच्या दुकानाच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. एका हातात मक्याची पिशवी. भोवती शे-दीडशे माणसं. मी मागे होते, मला फक्त त्याचं डोकं दिसत होतं. एक जण त्याच्यापुढे मोबाइल नाचवत विचारत होता, "हा तुझाच ना? बोल!"

"हो," तो म्हणाला. "माझा."

नाही म्हणाला असता तर? पण त्या मुखवट्याला तो नाही म्हणूच शकत नव्हता, हे मला नंतर कळलं. कुणीतरी त्याचा शर्ट ओढला. दोन-तीन काठ्या वर झाल्या. कुठून तरी दगड आला आणि त्याच्या कपाळाला लागला. ती कपाळाची जुनी कातडी कागदासारखी फाटली आणि रक्ताने डोळा भरला.

मी घुसले. "मी पोलीस पाटील आहे! ओळखते मी यांना! आमच्या गावचे जावई आहेत!" माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचत नव्हता. "बाई, बाजूला व्हा," म्हणून कुणीतरी ढकललं. अंबाडा सुटला, चप्पल गेली. कोपराने वाट काढत मी त्याच्यापर्यंत पोचले आणि त्याच्यापुढे उभी राहिले. माझं डोकं त्याच्या छातीशी.

त्याने मला पाहिलं. मग तोंड न हलवता, अगदी हळू म्हणाला, "पाटीलबाई, मला मारा."

"काय?"

"कानाखाली. जोरात. मग मी करते."

मला काही कळलं नाही. पण समोर काठ्या होत्या आणि त्याचा आवाज शांत होता. मी वळले, हात उचलला आणि त्याच्या गालावर मारला. भीतीने मारला की वर्षभराच्या संशयाने, ते आजही सांगता येणार नाही.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. तो सहा फुटी माणूस जमिनीवरून उचलला गेला, त्याचे दोन्ही पाय माझ्या डोळ्यांसमोर हवेत आले आणि तो डांबरावर पाठीवर आडवा झाला. धप्प.

वर झालेल्या काठ्या होत्या तिथेच थांबल्या. मी माझ्या हाताकडे पाहत होते.

तो डोलत उठला. डोळे वटारले, दात दाखवले, नाकपुड्या फुगवल्या. इतका दुष्ट चेहरा मी आयुष्यात पाहिला नव्हता. दोन्ही हात वर करून तो माझ्यावर चालून आला, अगदी जवळ येऊन थांबला आणि ज्या डोळ्यात रक्त नव्हतं त्या डोळ्याने त्याने मला खूण केली. मी दोन बोटांनी त्याच्या पोटाला टोचलं. तो गोल फिरला, फिरतच राहिला आणि एका टोपलीत जाऊन बसला. टोपली सुक्या बोंबलांची.

आधी हसली ती बोंबीलवाली म्हातारी. मग तिच्या शेजारची. तिसऱ्यांदा मी नुसता हात उचलला, तर तो हात जोडून म्हातारीच्या मागे लपला. "मावशी, वाचवा! बाई मारते!" म्हातारीने बोंबलांची जुडी त्याच्या डोक्यात हाणली आणि हा पुन्हा आडवा. आता मागचे लोक उड्या मारून बघू लागले. काठ्या खाली आल्या. ज्याने मोबाइल नाचवला होता तो त्याच मोबाइलवर हसत हसत व्हिडिओ काढत होता. कुणीतरी ओरडलं, "आणखी एक, बाई!"

पोलिसांची जीप आली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. जावयाने चारी दिशांना वाकून नमस्कार केला. मग जीपमध्ये चढायला डाव्या हाताने दांडा धरायला गेला आणि हात उठला नाही. बोटं नुसती लोंबत होती. ते मी पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले, पण चेहरा पांढरा पडला होता.

वापीच्या दवाखान्यात त्याच्या मानेला पट्टा घातला. बाहेरच्या बाकावर बसून सुनंदाने मला सगळं सांगितलं. वर्षभरात मी न विचारलेलं.

तिकडे कुस्तीचे खेळ होतात, मुखवटे घालून. काही पहिलवान सज्जन, काही दुष्ट. हा सतराव्या वर्षी सज्जन म्हणून उतरला, उघड्या चेहऱ्याने. कुणाच्या लक्षातही राहिला नाही. मग त्याने मुखवटा घातला आणि दुष्ट झाला. पंच वळला की केस ओढायचे, पडलेल्याला लाथ मारायची, लोकांना जीभ दाखवायची. पुढच्या रांगेतल्या आज्या त्याला छत्रीने मारायच्या, एकीने तर दंडाला चावा घेतला होता. सव्वीस वर्षं त्याने हे केलं. दुष्टाने शेवटी हरायचं असतं, त्यामुळे तो हजारदा हरला. खेळ खरा वाटावा म्हणून कपाळाला स्वतःच हळूच ब्लेड लावून रक्त काढायचं, त्याच त्या रेघा. पडणं ही त्याची विद्या. पडताना समोरच्याचा फटका आपल्या हाताने आपल्याच मांडीवर वाजवायचा, म्हणजे लांबच्यालाही ऐकू जातो.

म्हणजे तो फटाका माझ्या हाताचा नव्हता.

"आणि चेहरा कुणाला दाखवायचा नाही," सुनंदा म्हणाली. "तिकडे मुखवटा सगळ्यांना ठाऊक, चेहरा कुणालाच नाही. कुस्तीत मुखवटा पणाला लावला आणि हरला, तर तो काढून खरं नाव सांगावं लागतं. तो मुखवटा कधी हरला नाही." मग एका नवख्या पहिलवानाचा अंदाज चुकला आणि तो याच्या मानेवर पडला. सीमेपलीकडच्या, अमेरिकेतल्या ज्या दवाखान्यात त्याला नेलं तिथे सुनंदा नर्स. मुखवटा काढायला तो तयार होईना. सुनंदाने पलंगाभोवतीचा पडदा ओढला, दिवा मालवला आणि नाड्या सोडून ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं. "म्हटलं, मी काही पाहिलेलं नाही. तेव्हा पहिल्यांदा हसला."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पुन्हा पडायचं नाही. वाळूवरच्या पडण्याबद्दल सुनंदालाही माहीत नव्हतं. ते मी तिला सांगितलं. ती चहा आणायला उठली.

मी आत गेले. तो छताकडे बघत पडला होता.

"एक सांगायचंय," मी म्हटलं. "तो फोटो मी काढला होता."

"ठाऊक."

"कसं?"

"फोटोत चादर हाय. चादरीवर सावली हाय. छत्रीवाली बाई गावात एकच."

"मग बाजारात माझ्या हातात... मलाच का मारायला सांगितलंत?"

"आमच्या कामात," तो म्हणाला, "मी दुसऱ्याला शिव्या देते, तो मला शिव्या देते. पण पडताना माझी मान त्याच्या हातात. आवडते, नाय आवडते, मान देते. नाय तर खेळ नाय." मग म्हणाला, "तुम्ही चांगला मारला. थोडा शिकायचा बाकी."

मी वळले तर दारात सुनंदा. हातात दोन कप. एक तिने त्याच्या उशाशी ठेवला. दुसरा खिडकीत ठेवला आणि स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली, माझ्याकडे पाठ करून. तो कप माझ्यासाठी होता. मी निघेपर्यंत तो तिथेच गार होत होता.

त्याने मला माफ केलं. निदान मला तसं वाटतं. सुनंदाने केलं नाही आणि मी कधी माफी मागितलीही नाही. महिन्याभरात ऑपरेशनसाठी ती त्याला त्याच्या देशात घेऊन गेली. वाडी ठेक्याने दिली. निघाले त्या दुपारी मी फाटकापाशी उभी होते. गाडी थांबली नाही. मागच्या काचेत त्याचा उजवा हात वर झालेला दिसला. मान वळत नव्हती त्याची, मी दिसले असेन की नुसताच केला असेल, कोण जाणे.

दीड वर्षाने बाळूने मला बाजूला बोलावून एक व्हिडिओ दाखवला. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, मध्ये खांद्यांवर शवपेटी. काचेतून दिसणारा चेहरा मुखवट्याने झाकलेला, नाड्या घट्ट बांधलेल्या. लोक मुठी आवळून ओरडत होते.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"शिव्या घालतायत," बाळू म्हणाला. "ताई म्हणाली, तिकडे दुष्टाला अशीच देतात शेवटची सलामी."

एक म्हातारी पेटीवर चप्पल उगारत होती आणि रडत होती. पेटीमागे सुनंदा चालत होती. तिच्याकडे बघून मात्र कुणी ओरडत नव्हतं.

त्याचं नाव आणि त्या मुखवट्याचं नाव, दोन्ही मला ठाऊक आहेत. म्हणूनच इथे एकही लिहिलेलं नाही.

मी आता निवृत्त झाले. अधूनमधून तलासरीच्या बाजाराला जाते. तिथे माझं नाव फार मोठं आहे. बोंबीलवाली माझ्याकडून निम्मेच पैसे घेते. भाजीवाले सुनांना, नातवंडांना बोलावून दाखवतात, "ह्याच त्या बाई. एका फटक्यात तो राक्षस लोळवला." माझ्याकडे कौतुकाने बघतात, माझ्या हाताकडे तर जास्तच.

"मी नाही लोळवलं," मी दर वेळी सांगते. "तो आपणहून पडला."

ते हसतात. बोंबीलवाली पिशवी माझ्या हातात देते आणि म्हणते, "असू द्या बाई, असू द्या. आम्ही आपल्या डोळ्यांनी बघितलंय."